पेट्या किती सांगू?

बाबांनी रात्री फोनवर विचारलं, "यंदा पेट्या किती सांगू? तू असशील का नसशील?" एवढंच. मग देवगडचा भाव, मोहोर उशिरा आला वगैरे बोलत राहिले. मी हं हं करत होते, पण तेव्हापासून कशात लक्ष नाही.

लिस्बनला कधी जायचं हे माझ्यापुरतं सोपं होतं. तिथून काम करायला कंपनीने तीन महिने दिलेत, कुठले ते मी ठरवायचं. पाऊस, घरभाडं, सूर्यास्त असं सगळं मांडून बसले होते. त्या सगळ्यात घर कुठेच नव्हतं. आणि इकडे बाबांनी माझं नसणं डझनांत मोजायला घेतलं. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता, तेच लागलं.

हिवाळा बाद. मागचा जानेवारी अजून अंगात आहे. तिथे बर्फ पडत नाही, पारा सात-आठच्या खाली फारसा जात नाही, पण जुन्या घरांत हीटिंगच नसतं. बाहेरपेक्षा आत जास्त गारठायला होतं. पावसाची झड लागली की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढते आणि घरभर कोकणातल्या जुलैसारखा कुबट वास. मांडीवर रजई घेऊन कोड लिहायचे मी. त्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेपाच तास पुढे. पुण्याचं सकाळी दहाचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, तिथले पहाटेचे साडेचार. काम संपवून जेवून जरा पडावं, तर डिसेंबर-जानेवारीत साडेपाचच्या आसपास अंधार. पांढऱ्या दगडांची ती गुळगुळीत फरसबंदी ओली असली की अल्फामा या जुन्या वस्तीचा उतार उतरताना जीव मुठीत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो. तो एक तास फार मोठा आहे. दुपारी दोनला लॅपटॉप मिटायचा, आणि जूनमध्ये सूर्य मावळतो नऊनंतर. एवढी मोठी संध्याकाळ मला पुण्यात कधी मिळालेली नाही. खरं तर त्यासाठीच जायचंय.

सगळे म्हणतात सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. असेलही. पण यंदा अधिक महिना, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. विसर्जन करून निघाले तर दिवाळी गेली. शिवाय २५ ऑक्टोबरला घड्याळ मागे, पुन्हा साडेचारचा गजर. एप्रिल-मे म्हणावं तर पेट्या. मेच्या मध्यापासून अधिक ज्येष्ठ. आई आत्तापासूनच ताई-भावजींच्या धोंड्याच्या जेवणाचं बोलतेय, अनारशांचं पीठ कधी करायचं वगैरे. ताईशी माझं बोलायचं राहिलंय. ते आज नको.

मघाशी रडू आलं. वाटलं, मी नसले तर काय, दोन पेट्या कमी येतील, बाकी सगळं तसंच होईल. बाबांनी एकदा तरी म्हणावं, नको जाऊस. ते म्हणणार नाहीत. कधीच म्हणाले नाहीत, इंजिनिअरिंगला निघाले तेव्हाही नाही. पेट्या किती, हेच त्यांचं विचारणं असेल कदाचित.

मग कालनिर्णय काढून बसले. घरात काहीच नाही असा महिना शोधत होते. तो मिळाला नाही. म्हणजे काहीतरी सुटणारच. मग काय सुटलेलं मला चालेल एवढंच बघायचं.

१ जून ते ऑगस्टअखेर. तोवर हापूस संपत आलेला असतो, गणपतीच्या आधी मी घरी. अधिकातलं जेवण मेमध्येच करायला आईला सांगणार आहे. उन्हाळ्यात भाडं चढं असतं, ते देईन. ऊनही आहेच, २०१८च्या ऑगस्टमध्ये लिस्बनचा पारा ४४ अंशांवर गेला होता. दुपारी खिडक्यांच्या झडपा लावून घ्यायच्या, तिथले लोक तेच करतात. जूनच्या सुरुवातीला जकरंदा अजून जांभळा असतो. १२ तारखेच्या रात्री संत अँटनीचा उत्सव, गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात म्हणे. आणि जिकडेतिकडे मांजेरिकूच्या कुंड्या, आपल्या तुळशीच्या कुळातलं बारीक पानांचं गोल झुडूप, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्याला नाक लावायचं नाही, कोमेजतं म्हणतात. पानांवरून तळहात फिरवायचा आणि तो हुंगायचा. मला हे करायचंय. खूप करायचंय.

पाऊस मात्र इथला जाईल, पहिला. त्याचं वाईट वाटतंय, वाटू दे.

आत्ता बाबांना फोन करून तारखा सांगितल्या. त्यांनी लिहून घेतल्या. मग म्हणाले, "नऊपर्यंत उजेड, मग जेवणार कधी तू?"

उजेडातच जेवेन म्हटलं.