तुम्ही विचारलंत म्हणून: दलाई लामांच्या माणसाला कसलं डिप्रेशन?

लग्नाच्या हॉलमध्ये, बारशाला, मुलीच्या शाळेच्या गेटपाशी, सगळीकडे हेच. आधी आवाज खाली येतो, "जावईबापू डोक्याच्या गोळ्या घेतात म्हणे?" मी हो म्हटलं की पुढचं ठरलेलं. "पण ते तर तिबेटी ना? दलाई लामांची माणसं. किती हसरी असतात! त्यांना कसलं डिप्रेशन?" आणि मग सल्ला, की इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस धाडून बघ.

इगतपुरीचं आधी निकालात काढते. आमच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की आजार जोरात असताना माणसाला दहा दिवस मौनात बसवायचं नाही. झालं?

आता बौद्ध असण्याचं. आम्हीही बौद्धच. माझे आजोबा 1956 ला दीक्षाभूमीवर होते. तरी माझी मोठी आत्या वर्षानुवर्षं रात्र रात्र जागी असायची, भाजी निवडता निवडता थांबून भिंतीकडे बघत बसायची. तिला कुणी विचारलं नाही, की तू बौद्ध असून अशी कशी. बाबा या प्रश्नाला एकच उत्तर देतात, "दुःख आहे, हे तर पहिलंच आर्यसत्य." लोक गप्प होतात. मला ते उत्तर आवडत नाही. लोकांना गप्प करून मला काय मिळणार?

आणि हसरेपण. इटियाडोह धरण बघायला गेलं की गोठणगावच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीकडे गाडी वळतेच. मोमो खायचे, मंदिराचे फोटो काढायचे, "किती शांत लोक" म्हणत परत फिरायचं. नोर्ग्येलिंगची ही माणसं 1972 पासून गोंदियाच्या उन्हात भात पिकवतायत. ऑक्टोबर आला की लुधियानाहून उधारीवर माल उचलतात आणि नागपूर-पुण्याला, जिथे जागा मिळेल तिथे थंडीभर स्वेटर विकतात. थंडी पडली नाही की माल अंगावर. गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही तर काय करायचं?

माझा नवरा तिथे जन्मलेला नाही. तो पूर्व तिबेटातल्या खाममधला. नव्वदच्या दशकात, लहान असताना, मोठ्यांच्या टोळीबरोबर रात्री चालत नांगपा ला खिंडीतून नेपाळात उतरला. ती खिंड 5,700 मीटरच्या आसपास आहे. आईबापांनीच पाठवला, हिमाचलातल्या धर्मशाळेला शाळा मिळेल म्हणून. तेव्हा वर्षाला दोन-तीन हजार लोक असे यायचे. 2008 च्या आंदोलनानंतर चीनने सीमा आवळली आणि येणारे घटत घटत बोटांवर मोजण्याइतके उरले. शाळा संपल्यावर तो नोर्ग्येलिंगला काकांकडे आला. मुलीच्या नि माझ्या कपाटात निळा पासपोर्ट आहे, त्याच्याकडे निर्वासिताचं पिवळं ओळखपुस्तक आणि मुदत संपली की नवं करून घ्यायचं नोंदणीचं कार्ड. खिंड ओलांडल्यापासून आईला त्याने पाहिलं ते फोनच्या पडद्यावर.

29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी ॲप बंद केले. तुम्ही टिकटॉकसाठी हळहळलात किंवा टाळ्या वाजवल्यात. त्याच यादीत वीचॅट होतं. तिकडे व्हॉट्सॲप चालत नाही, त्यामुळे घर म्हणजे वीचॅट. बोलणं तरी काय असायचं? यंदा जव किती आला, गुरं किती व्याली. तिसरं कुणी ऐकत असणार हे दोन्हीकडे ठाऊक, म्हणून दलाई लामांचं नाव नाही, परत येण्याचा विषय नाही. "जेवलास का" मात्र दर वेळी. बंदीनंतरही काही जण आडवाटेने ॲप चालवत राहिले. हा घाबरला, स्वतःसाठी नाही, तिकडच्यांसाठी. मग काठमांडूचा चुलतभाऊ अधूनमधून खुशाली कळवायचा.

तशातच एका जानेवारीत त्याचा फोन आला. मी त्या दिवशी स्टॉलवर होते म्हणून पाहिलं. एक गृहस्थ मरून रंगाच्या स्वेटरवर अडून बसले होते. भाव साडेपाचशे, त्यांना साडेतीनशेला हवा. याने फोन कानाला लावला. दोन-तीनदा हुंकार दिला. फोन खिशात ठेवला, स्वेटर टेबलावर पालथा घातला, बाह्या आत दुमडल्या, घडी घातली, पिशवीत सरकवला आणि साडेतीनशे घेतले. गृहस्थ मिटक्या मारत गेले. दोनशे रुपये सुटले होते ना! मग मला म्हणाला, "आमा गेली. दिवाळीच्या आधीच."

त्यांच्यात मृत्यूनंतरचे 49 दिवस फार महत्त्वाचे. एक देह सुटला, दुसरा धरायचाय, तोवर जीव मधल्या वाटेत असतो. त्या दिवसांत भिक्षू पाठ करतात, घरचे लोण्याचे दिवे लावतात, केलेलं पुण्य गेलेल्याच्या कामी येतं. त्याच्या आईचे ते दिवस चालू होते तेव्हा हा लुधियानाच्या व्यापाऱ्याशी हिशेब करत होता, आमच्या घरी चिवडा खात होता, मुलीला फुलबाज्या पेटवून देत होता. वसाहतीतल्या म्हाताऱ्या लामांनी सांगितलं की उशिरा केलेले पाठही पोचतात. पाठ झाले, दिवे लागले. त्याने मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, हे मला मान हलवण्यावरूनच कळलं.

रडला नाही. रडणं गेलेल्याच्या वाटेत आडवं येतं. गेलेल्याचं नावही घ्यायचं नाही. मी नागपूरची. आमच्याकडे मयत म्हणजे हंबरडा, आणि त्यानंतर महिनाभर आठवणी. मी रोज मागे लागायची, "बोल ना रे आईबद्दल, मोकळा हो." पुढे समुपदेशक बाईंनीही तेच सांगितलं, यांना बोलतं करा. आम्ही दोघी त्याच्याकडून जे मागत होतो ते त्याच्या हिशेबी आईच्या वाटेत काटे पेरणं होतं. तरीही तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्याला नाही वाटत.

हंगाम संपला, उरलेला माल बांधून झाला आणि मार्चात तो आडवा झाला. दुःखी वगैरे दिसत नव्हता, हे ध्यानात घ्या. छातीत वारा कोंडलाय म्हणायचा, पाठीवर खवाट्यांच्या मधे दाबून बघ म्हणायचा. पहाटे तीनपासून जागा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. मुलीच्या वहीवर सही करायची तर पेन हातात धरून बसून राहायचा. पहिल्या डॉक्टरांनी ईसीजी काढून ॲसिडिटीची गोळी दिली, दुसऱ्यांनी तीच गोळी बदलून दिली. काकूने मात्र नुसतं बघून सांगितलं, सोकलुंग. जीव धरून ठेवणारा वायू बिघडला. म्हणजे "तिबेटी माणसाला असलं काही होतं का" हे तुम्ही मला विचारता, आणि त्यांच्या वैद्यकात हे दुखणं शेकडो वर्षांपासून कारणांसकट लिहून ठेवलंय: शोक, उपासमार, जागरण, नको तितका विचार. उपायही आहेत. हाडांचा रस्सा, ऊब, तेलाचा शेक, जीव लावणाऱ्या माणसांची सोबत, अगर-35 च्या गोळ्या. गोळी चावायची आणि वर गरम पाणी प्यायचं. त्याने थोडा उतार पडला, पुरेसा नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची गोळी लागू पडायला काही आठवडे गेले, पण झोप आली. आता डॉक्टरांना सांगून दोन्ही घेतो.

ओळखीतले एक प्राध्यापक मला 2008 चा एक अभ्यास ऐकवतात. धर्मशाळेला नुकत्याच पोचलेल्या निर्वासितांची पाहणी. सोसलं त्या मानाने मानसिक त्रास कमी निघाला, श्रद्धेचा आधार वगैरे. खोटं नाही. पण ती नुकती पोचलेली माणसं होती! वीस वर्षांनी स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसाला काय होतं, ते त्या कागदात कसं सापडेल? आणि खुद्द तिबेटच्या पठारावरच्या पाहण्यांतही नैराश्य आहेच. जुनाट दुखणं, तुटपुंजी कमाई, झोपेचे वांधे, बायकांमध्ये जास्त. आपल्यासारखंच.

श्रद्धेने त्याला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळ्यांत वाईट दिवसांतही हातातली माळ सुटली नाही, आणि मनुष्यजन्म असा फेकायचा नसतो या एका गोष्टीवर आपण तगलो, असं तो स्वतः सांगतो. पण हे तुझंच कर्म, तुझंच मन कच्चं, लोकांनी तुरुंग भोगले नि तू आईचा फोन उशिरा आला म्हणून पडून राहिलास, हेही त्याला श्रद्धेनेच ऐकवलं. डॉक्टरकडे जायला उशीर झाला तो त्यापायीही.

मग कारण काय? पूर्वी मी ठणकावून सांगायची: देश गेला, आई गेली, हातात धड कागद नाही, अजून काय हवं? आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. त्याच टोळीत त्याच खिंडीतून आलेला त्याचा मामेभाऊ आज टोरोंटोत ट्रक चालवतो आणि ठणठणीत आहे. उलट इथेच जन्मलेली, आईबाप डोळ्यांसमोर असलेली माणसंही त्याच दवाखान्याच्या बाकावर भेटतात. त्यात गेल्या वर्षी हा सहज बोलून गेला की वसतिगृहात असतानाही असं व्हायचं, पांघरुणात पडून राहायचो, सगळ्यांना वाटायचं ताप आहे. मी लगेच हिशेब मांडायला बसले. म्हणजे हे आई जायच्या आधीपासूनचं? की आईपासून तुटल्यामुळे तेव्हाच सुरू झालेलं? तो म्हणाला, "तुला काहीतरी एक ठरवायचंच असतं."

असतं. तुम्हालाही असतं, म्हणून तर विचारता. सध्या डॉक्टर म्हणतात डोस कमी करून बघू, मी म्हणते थंडीचा हंगाम जाऊ दे, आणि तो म्हणतो माल उचलायला लुधियानाला मी एकटाच जाणार. यावर घरात रोज भांडण आहे.