पिरेअस 1:100 : खांब बुटके पडले, पण पाऊल सापडले

70 पैकी 70 खांब बाद. मॉडेल आहे फिलॉनच्या कोठाराचं, म्हणजे अथेन्सच्या पिरेअस बंदरातल्या, जहाजांचं सामान ठेवायच्या प्राचीन इमारतीचं. भिंती उभ्या राहिल्या, खांबांवर तुळया चढल्या आणि छप्पर जवळजवळ सपाट बसलं. बांधकामाची मापं कोरलेल्या शिलालेखात भिंत 27 पावलं (पाऊल म्हणजे ग्रीक फूट), खांब 30 आणि वर सव्वादोन पावलांची तुळई. म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून सव्वापाच पावलांचा चढ, मॉडेलवर 17 मिमी. मिळाला जेमतेम साडेसात.

घोळ पावलाचा. भिंती 32.7 सेंमीच्या पावलाने कापलेल्या, खांब-तुळया जुन्या तक्त्यातल्या 29.6 च्या. 1882 मध्ये सापडलेल्या त्या शिलालेखात अंगुळापर्यंत (पावलाचा सोळावा भाग) मापं आहेत, पण पाऊल केवढं ते नाही. 29.6 हे सर्रास छापलं जाणारं ॲटिक (अथेन्सकडचं) पाऊल. त्याने 400 पावलांची लांबी 118 सेंमी होते, 32.7 ने 131. निकाल 1988 च्या उत्खननाने लावला. झेआ बंदराजवळ कोठाराचा पाया निघाला, रुंदी सुमारे 18 मीटर. शिलालेखात भिंतींसकट 55 पावलं. भागून पाहा. जुना तक्ता फाडून टाका.

नवी मापं: खांब 98 मिमी उंच, बुडाशी 9 मिमी (पावणेतीन पावलं). बाल्सा (मऊ, हलकं लाकूड) घासताना कडा गोल होतात. सुताराकडून सागाची 9 मिमी चौरस पट्टी रंधून घेतलेली बरी. मायटर बॉक्सला (करवत सरळ धरणारी खाच असलेली पेटी) 98 वर ठोकळा चिकटवा, प्रत्येक खांबाला मोजपट्टी लावू नका.

भिंत अडीच पावलं, म्हणून 3 आणि 5 मिमी सनबोर्ड (फोमचा कडक बोर्ड) एकावर एक. पांढरा गम त्यावर धरत नाही. रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून 10 मिनिटं सुकू द्या, मग दाबा. खिडक्या (10 × 6.5 मिमी) चिकटवण्याआधीच कापा, 8 मिमीतून ब्लेड तिरकं जातं.

एक गोष्ट मात्र फार सुंदर जुळली. एका रांगेत 35 खांब, टोकाच्या भिंतींपर्यंत 36 गाळे (खांबांमधल्या जागा). 400 मधून दोन भिंतींची 5 पावलं वजा करून 36 ने भागलं की जवळपास नेमकी 11 पावलं, म्हणजे 36 मिमी. इ.स.पू. 347 च्या सुमाराचा आराखडा इतका स्वच्छ बसतो!

आता वासे. 10 अंगुळं जाड, 15 रुंद, मध्ये 20 अंगुळांची फट : 2 × 3 मिमी पट्ट्या, 4 मिमी अंतर. एका बाजूला 180 च्या आसपास. पूर्ण छप्पर केलं तर आतलं काहीच दिसणार नाही, म्हणून 12 गाळेच झाकायचे. इ.स.पू. 86 मध्ये रोमन सेनापती सुल्लाने जाळलं ते हेच लाकूड, उरलेल्या भागात ते उघडं दिसू दे.

हिशेब करताना आणखी एक दिसलं. मधली वाट 20 पावलं, म्हणजे 6.54 मीटर. 1885 च्या उत्खननात झेआला निघालेल्या नौकाघरांची (युद्धनौका ओढून ठेवायच्या उतरत्या शेड) एकेकाची रुंदीही साधारण साडेसहा मीटर! योगायोग असेलही, पण ताडून बघायलाच हवं. त्यामुळे खिडक्यांची पितळी झडपं नंतर, आधी चार नौकाघरं : 65 मिमी अंतर, 37 सेंमी लांब, उतार 1:10.