बाहेर ४३, टर्बोत ९००

मार्च सरत आला की हा प्रश्न हमखास येतो: "टर्बो पेट्रोल घेतलीय. होटगी रोडवरून चिंचोळी एमआयडीसीला रोज जाणं-येणं. सोलापूरच्या उन्हात टर्बो टिकेल का? आणि गाडी बंद करण्याआधी किती वेळ चालू ठेवायची?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरच्या उन्हाचं टर्बोला फारसं काही नसतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारं टर्बाइन आणि त्याच दांडीवर बसून इंजिनात हवा दाबणारा कंप्रेसर. इंजिनावर जोर असताना टर्बाइनवर येणारा धूर ९०० अंशांच्या आसपास असतो. त्याच्यापुढे बाहेर २५ आहे की ४३, हा हिशेब किरकोळ. ऊन सोसावं लागतं ते आत जाणाऱ्या हवेला आणि इंजिन ऑइलला.

आधी हवेचं बघू. हवा दाबली की तापते. ४३ अंशांची हवा एक बार बूस्टला (वातावरणापेक्षा एक बार जास्त दाबाला) दाबली तर कंप्रेसरमधून बाहेर पडताना ती १३०-१४० अंशांवर गेलेली असते. इंटरकूलर ती थंड करतो खरा, पण बाहेरच्याच वाऱ्यावर, म्हणजे ४३च्या खाली ती येणं शक्यच नाही. गाडी पळत असली की बाहेरच्या हवेशी फरक थोडाच राहतो. सात रस्त्याला सिग्नलवर अडकलात की समोरून वारा नाही, त्यात एसीच्या कंडेन्सरची धग, आणि इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. गरम हवा विरळ असते आणि नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरात मिश्रण अवेळी पेटून ठोके बसायला, निमित्त होते. म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा देतो, वेळ पडली तर बूस्टही उतरवतो. दुपारी तीनला गाडी ओढत नाही म्हणतात, ती यामुळे. तो बिघाड नाही. सकाळी सहाला तीच गाडी नीट पळत असेल तर गॅरेजला पैसे देऊ नका. सकाळीही ओढत नसेल आणि पाय दाबल्यावर फुस्स असा आवाज येत असेल, तर इंटरकूलरच्या हॉज पाइपची क्लिप सैल झालीय का किंवा पाइप चिरलाय का ते आधी बघा. मिस्त्री थेट टर्बो बदलायचं म्हणाला तरी ही तपासणी केल्याशिवाय हो म्हणू नका.

चालवण्यातली सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे ॲव्हरेजसाठी वरच्या गिअरमध्ये गाडी रेटणं. तामलवाडी सोडून तुळजापूरचा घाट लागला की चौथ्या गिअरला, १४०० आरपीएमवर, पाय खाली दाबून चढवणारे पुष्कळ. कमी फेरे आणि पूर्ण भार असताना डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि तो दणका पिस्टनची रिंग किंवा लँड (रिंगांमधली पिस्टनची कड) फोडू शकतो. एक गिअर खाली घ्या, २२००-२५०० वर चढू द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड वापरा. याच कारणासाठी ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं बघून घ्या; जुन्या एसएन ग्रेडमध्ये या आजारावर चाचणी नव्हती.

ऑइलची गोष्ट खरी मोठी. टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारते आणि बहुतेक गाड्यांत ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. तेच ऑइल तिची उष्णताही वाहून नेतं. जोरात पळून आल्या आल्या इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची धग बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं ऑइल करपतं. कढईच्या बुडाला करपलेल्या तेलाचा थर बसतो तसाच. हा काळा थर ऑइलच्या बारीक पाइपात साठत गेला की बेअरिंग कोरडं पडतं.

मग किती वेळ थांबायचं? शहरात ४०च्या स्पीडने घरी आलात तर शून्य मिनिटं. पुण्याहून १००-११०ने येऊन सावळेश्वर टोलच्या पुढे ढाब्यावर वळलात, तर ढाब्याआधीचा एक-दोन किलोमीटर पाय हलका ठेवा आणि उभं राहिल्यावर ३० सेकंद ते एक मिनिट चालू ठेवा. पाच-पाच मिनिटं उभी ठेवण्यात अर्थ नाही, नुसतं पेट्रोल जातं. अशा वेळी ऑटो स्टार्ट-स्टॉपचं बटण मात्र बंद ठेवा, नाहीतर टोलच्या रांगेत गाडी स्वतःच इंजिन बंद करून मोकळी. बंद केल्यावर फॅन फिरत राहिला तर घाबरू नका, पुष्कळ गाड्यांत तो तसाच ठरवलेला असतो.

ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. "ऊन आहे, जाड टाका" म्हणून ५डब्ल्यू-३०च्या जागी २०डब्ल्यू-५० टाकू नका. थंड इंजिनात ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं. मॅन्युअल १०,००० किलोमीटरला ऑइल बदला म्हणत असलं तरी धूळ, गर्दी आणि ऊन एकत्र आलं की वापर कडक, म्हणजे गाडीवर जास्त ताण देणारा, धरतात. ५,००० ते ७,०००ला बदलणं परवडतं, टर्बो बदलणं नाही. पंधरा दिवसांतून एकदा, सपाट जागी, थंड इंजिनात ऑइलची पट्टी (डिपस्टिक) काढून पातळी बघा.

कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी कधीच नको. इथल्या पाण्याचा क्षार बादलीच्या कडेला दिसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि टर्बोच्या पाण्याच्या वाटेत बसतो. बाहेरच्या बाजूने जाळीत किडे, कचरा आणि साखर कारखान्यांच्या हंगामातला उसाचा पाला अडकतो. एप्रिलच्या आधी इंजिनाच्या बाजूने बाहेर असं हलक्या धारेने धुवून घ्या. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या पात्या आडव्या होतात आणि वाराच बंद होतो. एअर फिल्टर मॅन्युअलच्या निम्म्या अंतरावर उघडून बघा. काळ्या मातीची बारीक धूळ आत गेली तर कंप्रेसरची पाती झिजतात.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीचा (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला जोडायचा) साधा रीडर लावलात तर कूलंटचा आकडा कळतो: ९० ते १०५ नेहमीचं, ११०च्या पुढे चढतच चाललं तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, वेग कमी. तरीही उतरला नाही किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडायचं नाही. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर वरचं सगळं विसरा: एक मिनिटही चालू ठेवू नका, जिथे आहात तिथेच बंद करून क्रेन बोलवा.