चौकशा येत होत्या, पोचत नव्हत्या

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला, तेव्हा त्यांचं ठरलेलंच होतं. "मॅडम, वेबसाइट नवी करायची. असल्यानसल्याचा काही उपयोग नाही बघा, एक चौकशी येत नाही. डिझाइन जुनं झालंय." मला येणारे बहुतेक फोन असेच असतात. डिझाइनवर खापर फोडणं सगळ्यांनाच सोयीचं, कारण त्यात कुणाचंच नाव येत नाही आणि नवं काम काढता येतं. म्हणून मी दर सांगण्याआधी एक दिवस कारखान्यात बसू द्या, एवढंच मागते.

मालकांना सगळे आण्णा म्हणतात. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या दोन प्रकारच्या ओतीव लोखंडाचं काम: गिअर हाउसिंग, पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग. केबिनमध्ये भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी कौतुकानं साइट उघडून दाखवली. ड्रोनमधून घेतलेला कारखाना, मग एकामागून एक सरकणारे फोटो. सगळं झटक्यात आलं. येणारच, फायबरचं कनेक्शन आणि रोज उघडून तिथल्या कॉम्प्युटरच्या तोंडपाठ झालेली साइट. मी माझ्या मोबाइलचं वायफाय बंद केलं आणि तिथंच बसून तोच पत्ता टाकला. पांढरा पडदा. आण्णांचा चहा अर्धा झाला तरी पांढराच. पानावरचा मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा आहे. इथं सेकंद मोजण्यात अर्थच नव्हता. फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले, तळहाताएवढ्या जागेत दाखवायला सहा-सात एमबीचा एकेक. शिवाय गुगल आता साइट पाहतं तीच मोबाइलवर दिसते तशी. म्हणजे पाहुण्यांना भिंतीवर दाखवायची जी साइट होती, ती गुगलच्या हिशेबात धरलीच जात नव्हती.

मजकुराबद्दल काय बोलावं? आमच्या संकेतस्थळावर आपलं स्वागत, गुणवत्ता हाच आमचा ध्यास, अत्याधुनिक तंत्रज्ञान, ग्राहकांचं समाधान. यातला फाउंड्री हा शब्द काढून टाइल्सचं दुकान घातलं तरी एक काना-मात्रा बदलावी लागणार नाही. हस्तांदोलन करणारे दोन गोरे साहेबही होते. ते महाराष्ट्रातल्या निम्म्या कारखान्यांच्या साइटवर सापडतात, माझी त्यांच्याशी आता चांगली ओळख झाली आहे. फोन नंबर फोटोत कोरलेला, म्हणजे मोबाइलवर त्याला बोट लावून फोन लागत नाही, की कॉपीही होत नाही.

नंतर मी केबिन सोडून बाहेर कोटेशन बघणाऱ्या काकांच्या टेबलाजवळ खुर्ची ओढली. दिवसातला कामाचा वेळ तोच. काकांचा फोन वाजायचा आणि ते न बघता उत्तरं द्यायचे. "होय, एसजीत ५००/७ ग्रेड करतो... नाही, तेवढं वजन नाही, आमचं चाळीस किलोपर्यंत... साच्याचा पॅटर्न तुमचा असला तर बरं, नाहीतर करून घेतो, त्याचे वेगळे... मशीनिंग करून देऊ की, व्हीएमसी मशीन आहे आपल्याकडं... ड्रॉइंग पाठवा, मग सांगतो." फोन ठेवला की दुसरा, आणि प्रश्न तेच. ग्रेड कोणती, नगाचं वजन किती, साच्याच्या बॉक्सचा साइज काय, महिन्याला टनेज किती, मशीनिंग होतं का, सर्टिफिकेट कुठलं, नमुना किती दिवसांत. मी ते वहीत उतरवत गेले. पुण्यातला किंवा कोइंबतूरचा खरेदी अधिकारी पाच-सहा फाउंड्र्या उघडून याच गोष्टी शोधतो आणि ज्याच्या साइटवर सापडतील त्याला मेल टाकतो. काकांच्या तोंडात असलेली माहिती साइटवर एका ओळीनंही नव्हती.

तरीही एक गोष्ट मला खटकत होती. इतकी गचाळ साइट असली तरी कास्टिंगच्या, म्हणजे ओतकामाच्या धंद्यात चुकूनमाकून कुणीतरी येतंच. अगदी काहीच नाही, असं होत नाही. आण्णांच्या मुलाला म्हटलं, चौकशीचा फॉर्म कुठल्या मेलवर येतो? त्यानं इनबॉक्स उघडला. साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो म्हणणारे, कर्ज देणारे, आणि क्वचित एखादा नोकरी मागणारा. मी माझ्या जीमेलवरून फॉर्म भरला. मिनिटभरात आला. मुलगा हसून म्हणाला, "बघा, चालतंय की."

मग माझ्या ऑफिसच्या डोमेनचा, म्हणजे @ पुढं ऑफिसचंच नाव असलेला पत्ता टाकून तोच फॉर्म भरला. आला नाही. पुन्हा भरला. स्पॅममध्येही नाही.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. साइट करणाऱ्यानं फॉर्म असा जोडला होता, की भरणाऱ्याचा ईमेल सरळ 'पाठवणारा' म्हणून लागायचा. म्हणजे मेल निघतो साइट जिथं ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून आणि पाकिटावर नाव दुसऱ्याच कंपनीचं. फसवणूक टाळायला मोठ्या कंपन्या आपल्या डोमेनच्या नोंदीत लिहून ठेवतात, की आमच्या नावानं परक्या सर्व्हरवरून मेल आला तर घेऊ नका. याला डीमार्क म्हणतात. याहू कंपनीनं तर आपलं धोरण २०१४ मध्येच असं कडक केलं. जीमेलच्या मोफत पत्त्यांना ते ढिलं आहे, म्हणून माझा पहिला मेल पोचला. आता उलगडा नीट लक्षात घ्या: चौकशी करणारी कंपनी जितकी मोठी आणि दक्ष, तितका तिचा मेल दारातूनच परत जाण्याची खात्री जास्त. कर्जवाले मात्र बिनदिक्कत आत. परत आलेले मेल होस्टिंगच्या एका खात्यात साचत होते, आणि ते खातं कुणी उघडलं नव्हतं.

सुदैवानं फॉर्मची एक प्रत डेटाबेसमध्येही उतरत होती. ॲडमिनमध्ये कोपऱ्यात 'एंट्रीज' असा एक दुवा असतो, तो मी उघडला. पडद्यावर यादी आली आणि मुलगा खुर्ची सोडून उभा राहिला. एकानं लिहिलं होतं, ड्रॉइंग अपलोड होत नाही, ईमेल आयडी द्या. बरोबर, साइट ज्यावर चालते त्या पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा दोन एमबीची असते, ती कुणी वाढवलीच नव्हती. हाउसिंगची थ्रीडी फाइल त्यात कशी मावेल? दुसऱ्या एका पंप कंपनीनं वर्षाचं टनेज लिहून दर मागितला होता, मग आठवणीसाठी पुन्हा, मग शेवटी 'कृपया कळवा, करता की नाही'. आण्णा चष्मा लावून वाचत होते. कंपनीचं नाव वाचलं आणि म्हणाले, "हे काम कुठं चाललंय माहितेय का? आपल्या मागच्या गल्लीत. मी रोज त्यांचा टेम्पो बघतोय."

फॉर्मची दुरुस्ती चहा यायच्या आत झाली. पाठवणारा पत्ता साइटचा स्वतःचा, उत्तर द्यायचा पत्ता भरणाऱ्याचा, मेल खरंच आपल्याकडूनच निघालाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डोमेनला, अपलोडची मर्यादा वाढवली, आणि चौकशीची एक प्रत काकांच्या मेलवरही. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बारीक केले, नंबर साध्या अक्षरांत टाकला.

खरी झटापट मजकुरावर झाली. काकांच्या उत्तरांचा एक तक्ता करून मी तो पहिल्या पानावर ठेवा म्हटलं, तर आण्णा तयार नाहीत. "एवढं सगळं उघडं केलं तर बाकीचे बघतील की." मी म्हटलं, "आण्णा, तुमची भट्टी किती टनाची हे शिरोलीत कुणाला माहीत नाही? भट्टीवाला तोच, वाळूवाला तोच, आणि तुमचा जुना सुपरवायझर समोरच्या कारखान्यात आहे." त्यावर ते हसले, पण चाळीस किलोचा आकडा काही लिहू देईनात. तेवढ्यानं पुढचं गिऱ्हाईक बिचकेल, हा त्यांचा मुद्दा. माझं म्हणणं, आकडा नसला की गिऱ्हाईक विचारतच नाही, पुढच्या साइटवर जातं. शेवटी काकांनीच तोडगा काढला: साधारण चाळीसपर्यंत, त्यापुढं विचारा.

एका बाबतीत मात्र मी जुन्याच्या बाजूनं उभी राहिले, आणि मनापासून. आण्णांच्या वडिलांचा उद्यमनगरातल्या पहिल्या शेडसमोरचा फोटो मुलाला काढायचा होता, 'आउटडेटेड' म्हणून. मी तो 'आमच्याबद्दल'च्या पानावर ठेवायला लावला. लेथजवळ बाह्या दुमडून उभा असलेला माणूस बघून खरेदीवाल्याला कारखान्याबद्दल जे कळतं, ते त्या दोन गोऱ्या साहेबांकडून कळणार नाही. साहेबांना निरोप दिला, आणि त्यांच्या जागी काकांनीच मोबाइलवर काढलेले कास्टिंगचे फोटो लावले, खाली ग्रेड आणि वजन लिहून.

जुन्या यादीतल्या सगळ्यांना काकांनी एकेक करून मेल टाकले. बहुतेकांचं उत्तर नाही, काहींचं काम केव्हाच दुसरीकडं गेलेलं. हे होणारच होतं. पंपवाल्यांनी मात्र यंदा आणखी एक पुरवठादार लागेल, म्हणून नमुना मागितला.

मध्यंतरी काकांचा फोन आला. बेळगावहून कुणी साइट बघून विचारत होता, आमचा नग चव्वेचाळीस किलोचा आहे, जमेल का? काका म्हणाले, "आण्णा स्वतः टेप घेऊन बॉक्स मोजायला गेलेत."