ओळ १५

अमेरिकेत येऊन आठ वर्षं झाली तरी एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, नक्की काय असतं, हे मी कधी नीट समजून घेतलं नव्हतं. दर नोव्हेंबरात ओपन एनरोलमेंटचा, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायचा, ईमेल आला की नवरा लॅपटॉप उघडून बसायचा, "हाय डिडक्टिबलवालाच घेऊ, हप्ता कमी बसतो" म्हणायचा, आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता "घे" म्हणायचे. माझा अभ्यास एवढाच.

ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या प्रकारच्या विम्यात वर्षाचे पहिले काही हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात (हेच डिडक्टिबल), मग विमा सुरू होतो. त्या पहिल्या खड्ड्यासाठी हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट उघडता येतं. पगारातून कर कापायच्या आधीच पैसे त्यात जातात, औषधपाण्यावर खर्च केले तर पुढेही कर नाही. दुसऱ्या कशावर खर्च केले तर त्यावर आयकर आणि वर २० टक्के दंड. बुश यांनी डिसेंबर २००३ मध्ये सही केलेल्या कायद्यातून हे खातं आलं. २०२४ मध्ये कुटुंबासाठी वर्षाला ८,३०० डॉलरपर्यंत भरता येत होते. आम्ही महिन्याला २५० भरायचो. नवऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये त्या रकान्याचं नाव होतं 'बारसं'. कारण ते पैसे बाळंतपणासाठी होते. आमचं डिडक्टिबल ४,००० होतं, आणि ते त्या एका बिलातच संपणार हे उघड होतं.

मार्च २०२४ मध्ये दिवस राहिले. दहाव्या आठवड्यानंतर इथे आईच्या रक्तातूनच बाळाची गुणसूत्रं तपासतात, आणि विचारलंत तर मुलगा की मुलगी तेही सांगतात. नाशिकला प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी वाचत वाढलेल्या मला तो रिपोर्ट उघडताना काहीतरी गुन्हा करतोय असंच वाटत होतं. मुलगी होती. आईला फोनवर सांगितलं, तर ती आधी कुजबुजत म्हणाली, "अगं, हे असं सांगतात तिकडे?"

मेच्या शेवटी, तेराव्या आठवड्याच्या स्कॅनला, तंत्रज्ञ बाई बोलायची थांबली. तेव्हाच कळलं. अ‍ॅनेन्सेफली. कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा बराचसा भाग तयारच झालेला नव्हता. पंधराव्या आठवड्यात दुसऱ्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं. अशी बाळं जन्मली तरी काही तास किंवा दिवसच जगतात. मी विचारलं, आता काय? डॉक्टरांनी खुर्ची थोडी मागे घेतली. म्हणाल्या, "टेक्ससमध्ये मी यापुढे काही बोलू शकत नाही. काही पेशंट दुसऱ्या राज्यात सेकंड ओपिनियन घेतात." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मला अर्थ कळेपर्यंत.

टेक्ससमध्ये २५ ऑगस्ट २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. आईच्या जिवाला किंवा तिच्या शरीराच्या एखाद्या महत्त्वाच्या कार्याला गंभीर धोका असेल तरच सूट. बाळ जगणारच नाही, ही सूट नाही.

आई म्हणाली, "इकडे ये, दोन दिवसांत होईल सगळं." तिचं खरं होतं. आपल्याकडे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. पण पासपोर्टवरचा माझा एच-४ चा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसाचा, शिक्का संपलेला होता. भारतात गेले असते तर परत यायला वकिलातीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत किती महिने, कोण सांगणार? म्हणून शेजारचं न्यू मेक्सिको राज्य, तिथे गर्भपात कायदेशीर आहे. डॅलसहून अल्बुकर्की रस्त्याने साडेसहाशे मैल. नवरा आधी गाडीने जाऊ म्हणत होता. पण वाटेतल्या लबक काउंटीने ऑक्टोबर २०२३ मध्ये असा ठराव केला होता, की गर्भपातासाठी कुणाला आपल्या रस्त्यांवरून नेणाऱ्यावर कोणीही दावा लावू शकतो. दुसरा रस्ता होता, पण व्हिसावरच्या माणसाला 'दावा' हा शब्द पुरतो. विमानाची तिकिटं काढली.

मग पैशांचा प्रश्न. अल्बुकर्कीचं क्लिनिक आमचा विमा घेत नव्हतं. फी १,८५० डॉलर. 'बारसं' रकान्यात साडेतीन हजारांच्या वर होते. ते या कामाला वापरायचे का, यावर आम्ही दोघं एक शब्द न बोलता एक अख्खी संध्याकाळ बसलो. शेवटी नवरा म्हणाला, "तिच्यासाठीच होते ना."

पण चालतात का? खात्याच्या हेल्पलाइनवर मी 'प्रोसीजर', 'प्रोसीजर' करत राहिले. पलीकडची मुलगी समजूतदार होती. तिने तो शब्द माझ्याकडून वदवून घेतला नाही, म्हणाली, "आयआरएसचं पब्लिकेशन ५०२ बघा, यादी अकारविल्हे आहे." आयआरएस म्हणजे इथलं कर खातं. उघडलं. वैद्यकीय खर्चांच्या त्या यादीत पहिलंच नाव अबॉर्शन. खाली एकच वाक्य: कायदेशीर गर्भपातासाठी दिलेली रक्कम वैद्यकीय खर्चात धरता येते. त्यानंतर अ‍ॅक्युपंक्चर. इतका साधा, कोरडा कागद मी आयुष्यात कधी इतक्या वेळा वाचला नव्हता.

अडकलो ते 'कायदेशीर' या शब्दावर. कुठे कायदेशीर? राहतो टेक्ससमध्ये, कर टेक्ससच्या पत्त्यावरून भरतो. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले एक सीपीए, म्हणजे हिशेब-कराचं काम बघणारे, काका आहेत. त्यांना फोन केला. त्यांनी एकही जादा प्रश्न विचारला नाही, एवढंच म्हणाले, "जिथे उपचार होतो तिथला कायदा बघायचा. न्यू मेक्सिकोत कायदेशीर आहे, मग झालं. पावती जपून ठेव." आणि फोन ठेवता ठेवता, "बेटा, जेवतेस ना नीट?"

क्लिनिकच्या खिडकीशी एचएसएचं कार्ड चाललं नाही. दोनदा. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते आता हसू येण्यासारखं आहे: टेक्ससने कार्ड बंद केलं, नवऱ्याच्या कंपनीला कळलं, उद्या एचआरचा ईमेल येणार. निघालं काय, तर कार्डाची दिवसाची मर्यादा १,५०० होती. आमच्या घरच्या क्रेडिट कार्डाने पैसे दिले आणि आत गेले. आतलं मी इथे लिहिणार नाही. नर्सने हात धरला होता, एवढं पुरे.

परत आल्यावर आठवड्याने पैसे वळते करायला पोर्टल उघडलं. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर. एचएसएमध्ये आपल्या पैशांनी खर्च करून नंतर स्वतःलाच परतफेड करता येते. मुख्य अट ही, की खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा. फी धरली. माझं विमानाचं तिकीट, ३०६ डॉलर, धरलं. उपचारासाठीचा प्रवास चालतो. नवऱ्याचं तिकीट काकांनी सोडायला सांगितलं. हॉटेलला माणशी रात्रीला ५० डॉलरपर्यंत सवलत आहे, पण उपचार हॉस्पिटलमध्ये किंवा तशाच दर्जाच्या ठिकाणी व्हायला हवा. आमचं क्लिनिक त्यात बसतं का याचा वाद घालायची ताकद नव्हती, सोडून दिलं. जेवणाचा खर्च धरत नाहीतच. एकूण २,१५६. ड्रॉपडाउनमध्ये होतं डेंटल, व्हिजन, मेडिकल. मी 'मेडिकल' निवडलं. शेजारच्या 'तपशील' चौकोनात कर्सर लुकलुकत होता, पण तो ऐच्छिक होता. रिकामा ठेवला. तीन दिवसांत पैसे खात्यात आले.

जानेवारीत बँकेचा १०९९-एसए हा कराचा फॉर्म आला. त्यावर फक्त वर्षभरात काढलेली एकूण रक्कम. ती कराच्या रिटर्नमधल्या ८८८९ नंबरच्या फॉर्मवर १४ए या ओळीत जाते, आणि त्यातले वैद्यकीय खर्च किती ते ओळ १५ वर. सॉफ्टवेअरने विचारलं, सगळे पैसे वैद्यकीय खर्चासाठीच वापरलेत का? हो. पुढचं पान. कशाचा खर्च, का, कितव्या आठवड्यात, बाळाला काय झालं होतं, कुणीही विचारलं नाही. नऊ महिन्यांत मी ही गोष्ट डॉक्टरांना, विम्याला, आईला, व्हिसाच्या वकिलाला, 'मुलगी होती म्हणून का गं?' असं विचारणाऱ्या एका नातेवाईक बाईंना सांगून सांगून दमले होते. त्या ओळीने मला काहीच विचारलं नाही. मी तिथेच रडले, हे सांगायला लाज वाटत नाही.

ही ओळ अशी राहिलीच असती असं नाही, हे नंतर वाचलं. २०११ मध्ये न्यू जर्सीचे काँग्रेसमन ख्रिस स्मिथ यांचं एच. आर. ३ हे विधेयक ४ मे रोजी प्रतिनिधीगृहात २५१ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर झालं होतं. त्यात एचएसएमधून गर्भपातासाठी काढलेली रक्कम करपात्र उत्पन्न धरायची तरतूद होती. सूट होती बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका यांना. सिनेटमध्ये ते पुढे गेलं नाही. मी त्या सुटींच्या यादीत स्वतःला शोधलं. माझ्या जिवाला धोका नव्हता. म्हणजे मी बाहेर. उद्या असला खर्च अपात्रच ठरवला, तर आमच्या आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात, दंड धरून, २,१५६ वर साधारण ९०५ डॉलर. ते भरलेही असते. पण सूट द्यायची म्हणजे कुणीतरी ती तपासणार. बलात्कार झाला होता का, जिवाला धोका होता का, हे कर खात्यातला माणूस ऑडिटमध्ये विचारणार. बाईने त्याला कोणता कागद दाखवायचा?

डॅलसमधलाच आमचा एक मित्र अशा विधेयकाच्या बाजूचा आहे. त्याचं म्हणणं, करमाफी म्हणजे शेवटी सरकारी अनुदानच. ज्यांना हे पाप वाटतं त्यांच्या वाट्यातून ते का द्यायचं? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मग माझा चष्मा, त्याच्या बायकोचं अ‍ॅक्युपंक्चर, सगळंच अनुदान. कोणत्या अनुदानाचं कारण विचारायचं आणि कोणत्याचं नाही, हे ठरवणारा कोण? त्या दिवशी पोहे गार झाले, आणि मग तो क्रिकेटवर बोलायला लागला.

डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा बातम्या सुरू झाल्या. ओबामाकेअरची, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याची, वाढीव सबसिडी संपत होती. त्याऐवजी लोकांच्या एचएसएमध्ये सरकारने पैसे टाकावेत, असा क्रेपो आणि कॅसिडी या रिपब्लिकन सिनेटरांचा प्रस्ताव होता. पन्नाशीच्या आतल्यांना वर्षाला १,००० डॉलर, पुढच्यांना १,५००, आणि हे पैसे गर्भपाताला चालणार नाहीत. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये बाजूने ५१ आणि विरुद्ध ४८ मतं पडली, लागत होती ६०, म्हणून तो अडला. हे सरकारने घातलेल्या पैशांवरचं बंधन होतं, माझ्या पगारातून साठवलेल्यांवरचं नव्हे, हा फरक मला कळतो. तरी त्या दिवशी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधी मतदानाचा आकडा बघितला.

खातं अजून आहे. महिन्याला २५० जातात. एक्सेलमधल्या रकान्याचं नाव नवऱ्याने अजून बदललेलं नाही, मीही सुचवलेलं नाही. पावत्या रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या, म्हणजे आमच्या एप्रिल २०२८ पर्यंत. कपाटात पासपोर्टांच्या खाली एक पिवळं पाकीट आहे, त्यावर पेन्सिलने लिहिलंय, '२०२४ मेडिकल'.