नाव सांगा

मंगळवार, रात्र

शाळा सुटल्यावर मतदार यादीचं काम. वरच्या आळीतली तेरा घरं झाली. शेवटच्या घरी सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "सून आलीय नवी, तिचं नाव तेवढं घाला." नाव विचारलं तर म्हणाल्या, "लिहा की, आमच्या धाकट्याची बायको." सून दारात उभी होती, पिठाचे हात तसेच. म्हटलं, मावशी, नाव तिलाच सांगू दे. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं. मी फॉर्मवर लिहिलं तेव्हा वाकून बघत होती, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना म्हणून. एक वेलांटी चुकली होती. तिनेच दाखवली.

तेव्हापासून राजस्थानची पहिली विधानसभा निवडणूक डोक्यातून जात नाही. गेले काही दिवस त्याबद्दलच वाचते आहे. १९५२ साल. राज्य नवं, संस्थानं जोडून तयार झालेलं, जवळजवळ सगळं खेड्यापाड्यांचं. १६० जागा. जहागिऱ्या जाणार हे दिसत होतं, त्यामुळे जहागीरदार इरेला पेटलेले. काँग्रेसला ८२ जागा मिळाल्या, म्हणजे काठावरचं बहुमत. रामराज्य परिषद या पक्षाला २४. मुख्यमंत्री जयनारायण व्यास दोन जागी उभे राहिले आणि दोन्हीकडे पडले. जोधपुरात त्यांना हरवणारे महाराजा हनवंतसिंह निकाल ऐकायलाही राहिले नाहीत, २६ जानेवारीला त्यांचं विमान कोसळलं.

इतिहासात हेच सांगितलं जातं, आणि ते आहेही थरारक. पण माझं मन अडतं ते यादीपाशी.

याद्या करताना कित्येक बायकांची नावं अशी आली होती: अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, मतदाराला स्वतःचं नाव हवं, त्याशिवाय नोंद नाही. देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, विंध्य प्रदेश (ही दोन तेव्हाची राज्यं) आणि राजस्थानातल्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा सेनांचा राग आला होता. मत देण्याचा हक्क नुकता मिळाला आणि तो असा कागदावर अडवायचा? आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. त्यांनी 'अमक्याची बायको' चालवून घेतलं असतं तर पुढच्या यादीतही तेच आलं असतं, आणि त्याच्या पुढच्या. पण किंमत कुणी मोजली? ज्यांना कुणी नाव विचारलंच नसेल, त्यांनी. मी रोज दारं वाजवते. ओट्यावर जो बसलेला असतो तोच घरभराची उत्तरं देतो. आत चुलीपाशी असलेल्या बाईपर्यंत प्रश्न पोचतच नाही. तेव्हा मारवाडात, घुंगटाआड, किती पोचला असेल?

आणि मत देणं तर तेव्हा किती सोपं केलं होतं! शिक्का नाही, खूण नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आडोशाला जायचं, आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. त्यातल्या कितीतरी लोखंडी पेट्या आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. अक्षर न येणाऱ्या बाईचा एवढा विचार झाला होता. ती यादीतच नव्हती.

त्या निवडणुकीत राजस्थान विधानसभेवर एकही बाई निवडून आली नाही. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, बांसवाड्याच्या पोटनिवडणुकीत यशोदादेवी आल्या. पहिल्या. सभागृहात त्यांच्या नावाचा पुकारा झाला असेल तो क्षण मला राहून राहून दिसतो.

उद्या खालची आळी. दोन घरी सुना नव्या आहेत असं कळलंय. दुपारी जाईन, पुरुष रानात असतात तेव्हा.