द्राक्षबागेतल्या यंत्रापासून स्टार्टअपच्या भांडवलापर्यंत : आमची वाटचाल

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमची सुरुवात झाली ती द्राक्षबागेत बसवायच्या हवामान यंत्रापासून. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानावरचा ओलावा मोजायचा, सिमवरून आकडे सर्व्हरला पाठवायचे आणि डाउनीचा (द्राक्षवेलीवरच्या बुरशीजन्य रोगाचा) धोका दिसला की निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला मेसेज टाकायचा. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर) पाऊस आला की याच मेसेजवर फवारणी ठरते.

यंत्र बनवणं सोपं, बागेत चालू ठेवणं अवघड. ओलाव्याच्या सेन्सरवर फवारणीचा थर बसतो. त्यातले क्षार दमट हवेत पाणी ओढतात, पान सुकलं तरी सेन्सर ‘ओलं’च सांगत राहतो आणि एक फवारणी फुकट जाते. उपाय म्हणजे फवारणीनंतर साधं पाणी आणि मऊ कापड. पण पुसणार कोण? म्हणून सर्व्हिसच्या फेऱ्या विक्रीच्या किमतीतच धराव्या लागतात. पैशाचं गणित त्याहून वाकडं. यंत्र लागतं ऑक्टोबरला, बागायतदाराकडे पैसा येतो माल निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सुट्या भागांचं बिल मात्र पावसाळ्यातच भरायचं असतं. ऑर्डर वाढल्या की हा खड्डा बुजत नाही, उलट मोठा होतो.

हा धंदा विकून आम्ही नव्या स्टार्टअपमध्ये पैसे घालू लागलो. २०१५च्या सिंहस्थाच्या निमित्ताने झालेलं कुंभथॉन (कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारा नवोपक्रम), नंतर टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवोपक्रम केंद्र, यांमुळे नाशिकमध्ये प्रोटोटाइप (यंत्राचा पहिला नमुना) करणाऱ्या पोरांची वानवा नाही. अडतं ते पुढे, भांडवल घेताना.

कुणी पैसे मागायला आलं की प्रेझेंटेशन आम्ही नंतर बघतो. आधी वर्षभराचं बँक स्टेटमेंट आणि किती दिवसांची किती उधारी थकली आहे, त्याची यादी. मग हिस्सेदारी. कंपनीचं मूल्य ४ कोटी आणि गुंतवणूक १ कोटी, तर हिस्सा किती? मूल्य पैसे येण्याआधीचं असेल तर २० टक्के, आल्यानंतरचं असेल तर २५. भांडणं इथेच होतात, म्हणून टर्मशीटमध्ये (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात) हे शब्दांत लिहून घ्यायचं. संस्थापकांचे शेअर ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के व्हावेत, पहिल्या वर्षाआधी काहीच नाही, हा आमचा आग्रह. नाहीतर सहा महिन्यांत नोकरीला गेलेला भागीदार अर्धी कंपनी घेऊन बसतो आणि पुढचा गुंतवणूकदार कागद बघूनच उठतो.

कागदपत्रांत घाई नडते. खासगी वाटपात (निवडक गुंतवणूकदारांना शेअर देताना) भागधारकांचा विशेष ठराव, मूल्यांकनाचा अहवाल आणि पीएएस-४ हे ऑफर लेटर आधी लागतं. पैसे वेगळ्या बँक खात्यातच घ्यायचे, ६० दिवसांत शेअर वाटायचे, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरायचा आणि तो भरेपर्यंत रकमेला हात लावायचा नाही. नेमकं उलटं घडतं: पैसे चालू खात्यात येतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातून पगार होतात. एंजल टॅक्स (वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर विकले तर जादा रकमेवर लागणारा कर) १ एप्रिल २०२५पासून गेला, म्हणून मूल्यांकन लागत नाही असा काहींचा समज आहे. कंपनी कायद्याची अट मात्र तशीच आहे.

हार्डवेअरच्या कंपनीला आम्ही रक्कम दोन हप्त्यांत देतो. पहिला सुट्या भागांच्या खरेदीआधी, दुसरा पहिल्या हंगामाची वसुली खात्यात दिसल्यावर. दोन्ही वेळा वाटप वेगळं, पीएएस-३ही वेगळा. सीएसची (कंपनी सेक्रेटरीची) फी थोडी वाढते, ती आम्ही सोसतो.